पू न धरणारी कातडी

सोरायसिस असलेल्या माणसाच्या अंथरुणावर रोज सकाळी पांढुरक्या पापुद्र्यांचा थर साचलेला असतो. चादर झटकली की तो ओटीभर उडतो आणि झाडणाऱ्या बाईच्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्याकडे या कोंड्याला एकच वाट ठाऊक आहे, केरसुणीखालून मागच्या दारी.

जर्मनीच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्रावर, कील नावाचं बंदर आहे. तिथल्या विद्यापीठाच्या त्वचारोग विभागात हाच कोंडा जपून गोळा केला गेला. युर्गेन हार्डर आणि येन्स-मिखाएल श्रोडर यांच्या गटाने त्याचा अर्क काढला आणि तो ई. कोलाय जिवाणू आत चिकटवून ठेवलेल्या नळीतून गाळला. त्या जिवाणूंना धरून बसणारं जे काही अर्कात होतं ते नळीत अडकलं, बाकीचं वाहून गेलं. अडकलेलं एक छोटं प्रथिन निघालं आणि ते त्या जिवाणूंना मारत होतं. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची माहिती आली. नाव ठेवलं ह्युमन बीटा-डिफेन्सिन-२. माणसाची कातडी स्वतःचं अँटिबायोटिक स्वतः बनवते, आणि ते सर्वांत मुबलक कुठे सापडलं, तर लोक ज्याला शिवायला कचरतात त्या कोंड्यात.

मी रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये काम करते. दुसऱ्यांचं रक्त, लघवी, थुंकी आणि पू बघण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे असल्या गोष्टींची मला किळस नाही, कौतुकच जास्त. पण हा विषय मला चिकटला तो कामामुळे नाही. आमच्या एकाच घरात ही दोन्ही दुखणी नांदतात. भाऊकाकांना सोरायसिस आहे आणि माझ्या भावाच्या मुलाला, ओमला, इसब. डॉक्टर त्याला अटोपिक डर्माटायटिस म्हणतात.

घर गुहागरच्या बाजूला. काकांची आंब्या-काजूची कलमं आहेत, थोडी पोफळ, थोडे माड. कोपरांवर, गुडघ्यांवर, कमरेवर तळहाताएवढे लाल चट्टे, त्यावर चंदेरी खवले. हाताला कोयता, पायाला काटा, अंगाला चीक हे बागायतदाराचं रोजचं. काकांच्या चट्ट्यांना भेगा पडतात, भेगांतून रक्त येतं, त्याच अंगाने ते शेणखत ओढतात, मातीत बसतात. पण त्या भेगांत पू झालेला मला आठवत नाही. लहानपणी मी समजायचे, काकांचं रक्तच कडू असणार.

ओमचं उलट. त्याची कातडी बघायला काकांच्या मानाने कितीतरी बरी. गुडघ्यामागे आणि कोपराच्या खोबणीत लालसर, कोरडे, खाजवून जाड झालेले भाग, एवढंच. पण आषाढ लागला, कपडे वाळेनासे झाले की त्याच भागांतून लस येते, मधाच्या रंगाची खपली धरते, कधी ताप येतो आणि वहिनी त्याला घेऊन बसने रत्नागिरी गाठते. त्याच्या पायाचा स्वॅब मीच लावला होता. दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली तर ब्लड अगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या थरावर, सोनेरी-पिवळ्या, गुळगुळीत कॉलन्या दाट उगवलेल्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस. इसबाच्या स्वॅबमध्ये याच्याखेरीज काही निघालं तरच लॅबमध्ये कुणी मान वर करतं. जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा इसबाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या चट्ट्यांवर हा जंतू होता.

आता गावाची नजर बघा. ओमला सगळे मांडीवर घेतात. काकांपासून लोक अंतर ठेवतात. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, सहाणेवर नाचवली जाते, तिला खांदा द्यायला पुरुषांची झुंबड असते. एका वर्षी काका पुढे झाले तेव्हा कुणीतरी अगदी गोड शब्दांत म्हणालं, “भाऊ, या वर्षी तुम्ही राहू द्या हो, दमाल.” काका तेव्हा भलामोठा दगड उचलतील असे धडधाकट होते. तेव्हापासून ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, ऐन मे महिन्यातही. पंगतीत कडेचं पान धरतात. सोरायसिस लागत नाही हे मी गावात किती जणांना सांगितलं असेल! सगळे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी काकांचा तांब्या वेगळा ठेवतात.

या गैरसमजाचं वय मोठं आहे. युरोपातही कितीतरी काळ सोरायसिस आणि महारोग एकाच गाठोड्यात बांधलेले होते. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा या डॉक्टरांनी १८४१ मध्ये दोन्ही नीट वेगळे केले. आमच्या गावापर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

काका आणि ओम यांच्यातला जो फरक मला घरात दिसत होता, तो कीलच्या डॉक्टरांनी फार आधी आकड्यांत मांडला होता. १९८७ मध्ये तिथल्याच दवाखान्यातल्या दोन्ही आजारांच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. इसबाच्या सुमारे ३० टक्के रुग्णांना कातडीवर जिवाणू किंवा विषाणूचा संसर्ग झालेला होता, सोरायसिसच्या जेमतेम ७ टक्के रुग्णांना. दोन्हींत कातडी फुटलेली, दोन्हींत सूज, दोन्हींत खाजवणं. मग एकीकडे जंतूंची जत्रा आणि दुसरीकडे शुकशुकाट, असं का? कोंड्याचा अर्क काढण्यामागे हाच प्रश्न होता.

उत्तराचा दुसरा तुकडा २००२ मध्ये अमेरिकेतून आला. डेन्व्हरचे डोनाल्ड लेउंग आणि सॅन दिएगोचे रिचर्ड गॅलो यांच्या गटाने दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या चट्ट्यांचे तुकडे तपासले. सोरायसिसच्या चट्ट्यांत बीटा-डिफेन्सिन-२ आणि तसंच जंतू मारणारं एलएल-३७ ही दोन्ही प्रथिनं भरपूर होती, इसबाच्या चट्ट्यांत फारच कमी. शिवाय ही दोन्ही एकत्र आली की स्टॅफ ऑरियसवरचा त्यांचा मारा एकट्याएकट्यापेक्षा जास्त तिखट होतो, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे ओमच्या कातडीत नेमका तोच दारूगोळा कमी, ज्याची त्याला गरज.

ही प्रथिनं म्हणजे काय, हे सांगायला मला बेडकापासून सुरुवात करायला आवडेल. मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या सड्यावरच्या डबक्यांत रात्रभर जो गोंधळ चालतो, त्यातला प्रत्येक बेडूक जंतूंनी बुजबुजलेल्या पाण्यात उघड्या, ओल्या, पातळ कातडीने बसलेला असतो. त्याला संसर्ग का होत नाही? अमेरिकेत मायकेल झासलॉफ या संशोधकाला आफ्रिकन नखवाल्या बेडकाची अंडी प्रयोगासाठी हवी असायची. पोट चिरून अंडाशय काढायचं, टाके घालायचे आणि बेडूक पुन्हा त्याच गढूळ टाकीत सोडायचा. जखमा पू न होता भरून यायच्या. पुष्कळांनी हे पाहिलं असेल, झासलॉफ यांनी त्याचा पिच्छा पुरवला आणि १९८७ मध्ये बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन नावाची जंतुनाशक पेप्टाइडं, म्हणजे आखूड प्रथिनं, काढून दाखवली. त्याआधी, १९८१ मध्ये, स्वीडनच्या हान्स बोमन यांच्या गटाला रेशमी पतंगाच्या कोशात असंच काही सापडलं होतं. आणि आपल्या पश्चिम घाटातला बहुविस्तार बेडूक, ज्याची वेगळी जात म्हणून नोंद पुण्यातल्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये केली, त्याच्या कातडीतल्या एका पेप्टाइडने फ्लूच्या काही विषाणूंचा नाश होतो, असं २०१७ मध्ये केरळ आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. पतंग, बेडूक, बागायतदार, सगळ्यांकडे हा एकच जुना तोडगा.

तोडगा तसा साधा आहे. ही प्रथिनं अगदी आखूड असतात. एलएल-३७ मध्ये तर अवघे ३७ अमिनो आम्लांचे मणी. त्यांच्यावर धन विद्युतभार असतो. जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यावर ऋण भार जास्त, म्हणून ती तिकडे ओढली जातात, पडद्यात शिरतात आणि त्याला भोकं पाडतात. आपल्या पेशींचा बाहेरचा पडदा वेगळ्या घडणीचा, त्यात कोलेस्टेरॉल, म्हणून तो बहुधा बचावतो. प्रत्येक प्रथिनाची खोड मात्र निराळी. बीटा-डिफेन्सिन-२ ई. कोलायचा काळ, पण स्टॅफ ऑरियसपुढे त्याची धार बोथट. कीलच्याच गटाने २००१ मध्ये, पुन्हा सोरायसिसच्या कोंड्यातूनच, बीटा-डिफेन्सिन-३ काढलं, ते स्टॅफलाही मारतं. सोरायसिन नावाचं आणखी एक आहे, ते सोरायसिसच्या कातडीत १९९१ मध्ये सापडलं म्हणून त्याला ते नाव. ते जंतूला लागणारं जस्तच पळवून नेतं. २००५ मध्ये कळलं की निरोगी माणसाच्या बोटांवर ई. कोलाय टिकत नाही त्याचं मोठं श्रेय या सोरायसिनचं आहे. दिवसभर संडासाचे नमुने हाताळणाऱ्या माझ्यासारखीला ही बातमी किती धीराची वाटली, ते सांगायला नको. हात साबणाने धुतेच, पण तरी.

मग ओमच्या कातडीत ही प्रथिनं का बनत नाहीत? कृती हरवलेली नाही. कृती प्रत्येक पेशीत असते, फक्त भट्टी पेटवायचा हुकूम यावा लागतो. सोरायसिसमध्ये प्रतिकारपेशी आयएल-१७ आणि आयएल-२२ नावाचे निरोप सतत पाठवत राहतात आणि ते निरोप कातडीला सांगतात, प्रथिनं बनव, अजून बनव. इसबात निरोप वेगळे येतात, आयएल-४ आणि आयएल-१३. हे ॲलर्जीच्या वाटेचे निरोप. ते नुसते वेगळे नाहीत, ते डिफेन्सिन आणि एलएल-३७ बनवण्याचं काम दाबून टाकतात. त्याच कातडीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यावर हे निरोप टाकले तर दाबल्याचं स्पष्ट दिसतं.

आणि कातडीचा वरचा थरही मुळात सैल. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असला तर इसबाचा धोका बराच वाढतो, हे २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमधल्या गटाने दाखवलं. पावसाआधी कौलं परतायची राहून गेलेल्या घरासारखं ते असतं. एकेक कौल जागेवर दिसतं, पण वारा आडवा लागला की पाणी कुठून कुठून आत येईल सांगता येत नाही.

नंतरच्या मोजमापांत चित्र थोडं बदललं, तेही सांगायला हवं. इसबाच्या चट्ट्यांत ही प्रथिनं अगदीच नसतात असं नाही. काही मोजण्यांत ती निरोगी कातडीपेक्षा जास्तच भरली. पण जंतूंनी एवढं घर केलेलं असताना जेवढी हवीत तेवढी नाहीत, सोरायसिसच्या पासंगालाही पुरत नाहीत, आणि जी बनतात ती जंतूपर्यंत नीट पोचत नाहीत. स्टॅफही काही मुकाट्याने बसत नाही. त्याच्याकडे एलएल-३७ चे तुकडे पाडणारं एन्झाइम आहे. २०२३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की त्याचं दुसरं एक एन्झाइम कातडीतल्या मज्जातंतूंना थेट चेतवून खाज आणतं. खाज आली की पोर नखं लावणार, नखं लागली की कातडी फुटणार, फुटली की जंतूचंच फावलं. वहिनी ओमला रात्री हातमोजे घालते आणि आजी म्हणते, पोराला बांधून ठेवता काय. या दोघींच्या भांडणात मी वहिनीच्या बाजूची.

विषाणूंपुढेही हीच गत. इसब असलेल्या मुलाला ओठावरच्या साध्या नागिणीसारख्या फोडांचा, म्हणजे हर्पीसचा, विषाणू लागला तर कधीकधी तो चट्ट्यांवरून अंगभर पसरतो, आणि तो खरा धावपळीचा प्रसंग असतो. एकसारखे, मधे खड्डा पडलेले फोड आणि सोबत ताप दिसला तर सकाळची वाट बघू नये. देवीची लस द्यायचे त्या काळीही इसबाच्या मुलांना ती घातक ठरू शकायची, लशीतला विषाणूच अंगभर पसरायचा. त्या विषाणूलाही एलएल-३७ मारतं, हे पुढे कळलं. दंडावर लशीचे गोल वण मिरवणारी पिढी आता पन्नाशीपुढची आहे. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. त्या पिढीतल्या कुणाला “तुला लस टोचायची नाही” म्हणून परत पाठवलं असेल तर त्याचं कारण आता असं जुळतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मग सोरायसिसवाले नशीबवान. काकांना मी मोठ्या उत्साहाने हे सगळं सांगितलं होतं तेव्हा त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, “अगो, मग एवढं सैन्य अंगावर घेऊन मला सुख कुठे आहे?”

बरोबर होतं त्यांचं. काकांच्या पोटरीवर कोयता निसटून लागला होता, एक वीतभर ओरखडा. पू नाही, काही नाही, सुरेख भरून आला. पण दोनेक आठवड्यांनी त्या ओरखड्याच्या रेषेवर, आखल्यासारखा, सोरायसिसचा नवा चट्टा उठला. याला कोबनरचं लक्षण म्हणतात. हाइनरिख कोबनर या जर्मन डॉक्टरांनी ते एकोणिसाव्या शतकात टिपून ठेवलं. जखम झाली की कोणाच्याही कातडीत एलएल-३७ वाढतं, काम झालं की ओसरतं. सोरायसिसच्या माणसात ते ओसरत नाही. २००७ मध्ये रोबेर्तो लांदे आणि मिशेल जिलिए यांच्या गटाने दाखवलं की हे एलएल-३७ मेलेल्या पेशींतून सांडलेल्या आपल्याच डीएनएला चिकटतं आणि त्याचं असं गाठोडं बांधतं की प्रतिकारपेशींना तो विषाणूच भासतो. एरवी आपल्या डीएनएकडे त्या काणाडोळा करतात. गाठोडं दिसलं की त्या धोक्याची हाळी देतात, हाळीने सूज वाढते, सुजेने आणखी एलएल-३७ बनतं. पुढे २०१४ मध्ये तर असंही दिसलं की सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांच्या शरीरात एलएल-३७ लाच शत्रू समजणाऱ्या टी पेशी नावाच्या प्रतिकारपेशी असतात. डिफेन्सिनचंही तसंच. काही माणसांकडे बीटा-डिफेन्सिनच्या जनुकांच्या प्रती इतरांपेक्षा जास्त असतात, आणि अशांत सोरायसिसचा धोका अधिक, हे २००८ मध्ये छापून आलं.

म्हणून औषधाच्या दुकानात काउंटरवर ठेवलेल्या ‘इम्युनिटी वाढवा’ छापाच्या बाटल्या बघितल्या की माझं डोकं उठतं. वाढवा म्हणजे कोणती? काकांची वाढवली तर ते अंगभर लाल होतील. ओमची ॲलर्जीच्या वाटेची वाढवली तर रात्रभर खाजवत बसेल. काकांना शेजारच्यांनी भक्तिभावाने असला एक काढा आणून दिला होता. त्याने बरं-वाईट काही झालं नाही. बाटली आता रॉकेल ठेवायला उपयोगी पडते.

घाम हा आमच्या किनाऱ्याचा स्थायीभाव, त्यामुळे त्याच्याबद्दल थोडं. २००१ मध्ये ट्युबिंगेनच्या बिर्गिट शिट्टेक यांच्या गटाला घर्मग्रंथींत डर्मसिडिन सापडलं. बहुतेक डिफेन्सिनं खारात दुबळी पडतात. डर्मसिडिनचे तुकडे मात्र घामाइतक्या खाऱ्या पाण्यात आपलं काम चोख करतात. त्यांना हुकमाचीही गरज नसते, घाम आला की ते येतातच. म्हणजे बागेत भिजून चिंब झालेला माणूस स्वतःच्या अंगावर एक पातळ जंतुनाशक पसरत असतो. इसबाच्या रुग्णांच्या घामात हे तुकडेही कमी असतात, हे २००५ मध्ये कळलं. वर घामाने इसबाची खाज भडकते. ओमला क्रिकेट खेळून आल्यावर लगेच साध्या पाण्याने अंग धुवायला लावतो आम्ही, आणि ओल्या अंगावरच खोबरेल. खोबरेलाबद्दल माझा घरच्यांशी वाद होता, मला ते आजीबाईचं औषध वाटायचं. पण २००८ मध्ये फिलिपिन्समधल्या डॉक्टरांनी इसबाच्या रुग्णांवर घाण्याचं कच्चं खोबरेल आणि ऑलिव्ह तेल यांची तुलना केली, तेव्हा खोबरेल लावणाऱ्यांच्या कातडीवरचा स्टॅफ जास्त प्रमाणात गेला. अभ्यास लहान होता. तरी आपल्या माडांची बाजू घ्यायला तेवढं पुरे. तेल लावलं म्हणून डॉक्टरांचं मलम बंद करायचं नसतं, हे मात्र दर पावसाळ्यात नव्याने सांगावं लागतं.

गंधकाच्या पाण्याचंही असंच. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरायचं आणि पुढे उन्हवऱ्याच्या गरम कुंडावर जायचं, ही काकांची जुनी वारी. आरवलीला, राजापूरजवळच्या उन्हाळे गावालाही जाऊन आलेत. कुंडावर कातडीचे रोगी ओळीने बसलेले असतात, तिथे कुणी कुणाकडे वळून बघत नाही. काकांना त्या पाण्यापेक्षा याचंच सुख जास्त असावं. पाण्यानेही फरक पडतो. गरम गंधकी पाण्यात खवले मऊ होऊन सुटतात, वर तासभर उघड्या अंगाने ऊन लागतं, आणि ऊन सोरायसिसला मानवतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व बनतं आणि ड जीवनसत्त्व एलएल-३७ ची भट्टी पेटवतं, हे २००० नंतरच्या दहा वर्षांत नीट कळलं. मग उन्हाने काकांचे चट्टे वाढायला हवेत ना? पण ड जीवनसत्त्वाचंच भावंड असलेलं मलम सोरायसिसवर सर्रास देतात आणि त्याने चट्टे बसतात. कारण ते मलम सोरायसिन आणि डिफेन्सिन-२ खाली आणतं, सूजही उतरवतं, आणि एलएल-३७ ला कदाचित थोडा हातभारच लावतं. हा गुंता माझ्या डोक्यात अजून पूर्ण सुटलेला नाही, आणि सुटलाय असं सांगणाऱ्याचं मी जरा सांभाळूनच ऐकते. ओमला मात्र उन्हवऱ्याला नेऊ दिलं नाही मी. गरम पाणी इसबाची कातडी आणखी कोरडी करतं.

गॅलो यांच्याच गटाने २०१७ मध्ये आणखी एक गंमत दाखवली. निरोगी माणसाच्या कातडीवर स्टॅफच्याच कुळातले काही गरीब भाऊबंद राहतात, आणि ते स्वतः अशी पेप्टाइडं बनवून स्टॅफ ऑरियसला पळवून लावतात. इसबाच्या कातडीवर हे राखणदार कमी असतात. मग रुग्णाच्याच अंगावरचे असे जंतू वाढवून, मलमात घालून, त्यालाच लावले, तर स्टॅफ ऑरियस झपाट्याने कमी झाला. अवघ्या पाच रुग्णांवरचा प्रयोग, पण आमच्या धंद्याला तो चिमटा काढणारा. इतकी वर्षं प्लेटवर असले पांढुरके भाऊबंद दिसले की आम्ही ‘स्किन फ्लोरा’, म्हणजे कातडीवरचे नेहमीचे जंतू, असं लिहून प्लेट फेकत आलो.

खरी उलथापालथ केली ती इंजेक्शनांनी. आयएल-१७ अडवणारं सेक्युकिनुमॅब अमेरिकेत २०१५ मध्ये सोरायसिससाठी मंजूर झालं. पुष्कळांचे चट्टे त्याने जवळजवळ पुसले जातात, आणि रक्तातलं डिफेन्सिन-२ चं प्रमाणही सोबत खाली येतं. पण तोंडात किंवा जांघेत कँडिडा बुरशीचा त्रास थोडा वाढतो. सैन्य परत बोलावलं की चोर येणारच. उलट बाजूला डुपिलुमॅब, आयएल-४ आणि १३ चे निरोप अडवणारं, २०१७ मध्ये इसबासाठी मंजूर झालं. प्रतिकारशक्तीतला एक धागा तोडणारं औषध, तेव्हा संसर्ग वाढायला हवेत. कातडीचे संसर्ग उलट कमी झाले. आणि सगळ्यांत बोलकं म्हणजे काही थोड्या लोकांत डुपिलुमॅबने सोरायसिससारखे चट्टे उठतात, तर आयएल-१७ अडवल्याने काहींना इसबासारखं पुरळ येतं. झोपाळ्याची एक दोरी आखडली की दुसरी बाजू खाली जाते, तसं.

ओमचं वय लहान आणि त्याचा इसब मलमांनी आटोक्यात राहतो, म्हणून त्याला यातलं काही नको असं त्याच्या डॉक्टरांचं म्हणणं. काकांना मात्र आता सांधे धरू लागले आहेत, सकाळी बोटं वळत नाहीत, कलमं बांधता येत नाहीत. सोरायसिस सांध्यांत उतरतो तो असा. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं. किंमत ऐकून काका गप्प झाले, मग म्हणाले, काजूची बी या वर्षी कितीला जाते बघू. सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते, कारण अंगात कुठे क्षय दबून बसलेला असला तर प्रतिकारशक्तीचा कुठलाही धागा सैल करण्याआधी तो माहीत असलेला बरा. लोक तिला ‘टीबी गोल्ड’ म्हणतात, रक्त मुंबईला जातं.

ते रक्त घ्यायला काका लॅबमध्ये आले. उजव्या कोपराच्या खोबणीत नेमका चट्टा, म्हणून मी डावा हात मागितला. काका उजवाच पुढे करून बसले. “इथेच टोच की गो. इथे जंतू मरतात म्हणालीस ना तू?” मी म्हटलं, मरतात, पण सुई लागली तिथे तुमचा आणखी एक चट्टा उठेल त्याचं काय? ते हसले, बाही खाली केली आणि डावा हात टेबलावर ठेवला.